महाबळेश्वर : मे महिना सोडा, जानेवारीत जा

रानवाटा

एप्रिल उजाडला की ओळखीतल्या कोणाचा ना कोणाचा फोन येतोच, मे मधे महाबळेश्वरला चाललोय, हॉटेल सुचव. मी प्रत्येकाला एकच सांगते, जमत असेल तर थांबा आणि जानेवारीत जा. फारसं कोणी मनावर घेत नाही, कारण थंड हवेचं ठिकाण म्हणजे उन्हाळ्यात जायचं हे डोक्यात घट्ट बसलंय. म्हणून म्हटलं एकदा नीट सगळं लिहूनच काढू, आणि इथे जाणकार मंडळी आहेतच, त्यांनी भर घालावी.

मुळात ही मे ची सवय आपली नाहीच. मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम १८२८ मधे इथे आला, १८२९ मधे साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांकडून ही जागा घेतली, बदल्यात वाईकडचं खंडाळा गाव दिलं, आणि मग उन्हाळा आला की मुंबईचं सरकार दप्तरासकट इथे मुक्कामाला यायला लागलं. बाजारपेठेला माल्कम पेठ म्हणायचे ते त्यामुळेच. त्यांना मुंबईचा उकाडा सोसत नव्हता म्हणून त्यांनी तो सीझन ठरवला आणि आपण दोनशे वर्षं तोच पाळतोय.

आता मे मधे खरं काय असतं बघा. दुपारी चांगलं ऊन लागतं, हवा इतकी धुरकट की पॉइंटवर उभं राहिलं तर समोरचा डोंगर पुसट, स्ट्रॉबेरीची शेतं रिकामी झालेली, तापोळ्याला कोयनेचं पाणी खाली गेलेलं आणि काठाला तांबडा चिखल उघडा पडलेला, आणि वेण्णा लेकच्या रस्त्यावर गाडी हलत नाही. आणि जानेवारीच्या मधल्या एखाद्या मंगळवारी किंवा बुधवारी गेलात तर यातलं प्रत्येक बरोबर उलटं असतं. धोम आणि बलकवडीच्या धरणात भरपूर पाणी असतं त्यामुळे केट्स पॉइंटवरून कृष्णेचं खोरं निळंशार दिसतं, मागे कमळगड. आर्थर सीटला डावीकडे सावित्रीचं खोरं थेट कोकणात उतरतं आणि उजवीकडे जोर गावचं खोरं, सकाळी हवा स्वच्छ असेल तर रायगड आणि तोरणा बोट दाखवून ओळखता येतात. ज्यांना किल्ल्यांची आवड आहे त्यांनी तर हिवाळ्याशिवाय जाऊच नये.

आणि थंडी! गुलाबी वगैरे नाही, चांगली कडकडीत. पहाटे विल्सन पॉइंटला जाऊन उभं राहायचं, जानेवारीत सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो त्यामुळे फार लवकर उठावंही लागत नाही. तिथे चहावाल्याकडचा ग्लास दोन्ही हातात धरून उभं राहण्यात जे सुख आहे ते मे मधे कितीही पैसे मोजून मिळत नाही.

अनघा_पु

+१०० रानवाटा, अगदी मनातलं लिहिलंत!

माझ्यासाठी हिवाळ्यातलं महाबळेश्वर म्हणजे स्ट्रॉबेरी, बाकी सगळं नंतर. आणि दुकानातली नाही, शेतातली. पाचगणी सोडलं की भिलार, मेटगुताड या बाजूला रस्त्याकडेला शेतकरी स्वतः बसलेले असतात, त्यांना विचारलं तर बहुतेक जण आत घेऊन जातात. गादीवाफ्यावर काळा किंवा चंदेरी मल्चिंग पेपर अंथरलेला असतो, त्याच्या भोकातून झाड वर आलेलं आणि फळं कागदावर लोळत पडलेली. सकाळी दहाच्या आत गेलात तर फळ हाताला फ्रिजमधून काढल्यासारखं गार लागतं. देठाला चिमटा घेऊन तोडायचं, ओढायचं नाही, नाहीतर अख्खा घड हातात येतो.

देठाच्या टोकापर्यंत लाल झालेलं फळ निवडा. स्ट्रॉबेरी तोडल्यावर रंग थोडा चढतो पण गोडी काही वाढत नाही, आंब्यासारखी अढी घालून पिकत नाही ती. शहरात येणारी बरीचशी थोडी आधीच तोडलेली असते कारण प्रवासात टिकायला हवी, म्हणून मुंबई-पुण्यात आंबट लागते आणि लोक म्हणतात काय असतं एवढं त्यात. शेतात पूर्ण पिकलेलं एक फळ खाऊन बघा म्हणजे काय असतं ते कळेल.

मे मधलं स्ट्रॉबेरी क्रीम बहुतेक फ्रोझन फळाचं असतं हो, ताज्या फळाचं खायचं तर जानेवारी-फेब्रुवारीतच.

काका_मिरजकर

धागा छान आहे. आम्ही दोघे साठीच्या पुढचे, आजवर उन्हाळ्यातच गेलो आहोत. हिला दम्याचा थोडा त्रास आहे, थंडी सोसेल का ही शंका आहे. हॉटेलमधे हीटर वगैरे असतात का? आणि चढउतार किती आहे पॉइंटना?

रानवाटा

काका, काकूंच्या दम्याचं आधी डॉक्टरांना विचारून घ्या, कारण तिथली पहाटेची कोरडी गार हवा काही जणांना छातीत बसते. बाकी सोय होण्यासारखी आहे. हीटर सगळीकडे नसतात, बुकिंग करतानाच फोनवर स्पष्ट विचारा आणि जादा रजई आधीच सांगून ठेवा. बऱ्याच ठिकाणी गरम पाणी सकाळी ठरावीक वेळेतच असतं तेही विचारा. आणि खोली घेताना वेण्णा लेकच्या काठाची घेऊ नका, गावात बाजारपेठेच्या वरच्या अंगाला घ्या, तिथे थंडी बरीच सुसह्य असते.

दिवसभराचा कार्यक्रम तुम्ही दहा ते पाच असा ठेवा. दहानंतर ऊन इतकं छान असतं की स्वेटर काढून हातात घ्यावा लागतो. मुंबई पॉइंट, केट्स पॉइंट, जुनं महाबळेश्वर यांना फार चालायचं नाही. लिंगमळ्याच्या धबधब्याला पायऱ्या आहेत, प्रतापगडाला साडेचारशेच्या आसपास, ते झेपेल तसं बघा. पण हिवाळ्यात प्रतापगड चढताना घाम येत नाही, हे मात्र नक्की, मे मधे तिथली उन्हातली माणसं बघवत नाहीत.

लाल_माती

नमस्कार मंडळी. मी हिकडचाच, लिंगमळ्याच्या अंगाला आमची स्ट्रॉबेरी आहे. धागा वाचून बरं वाटलं म्हणून लिहितोय.

पर्यटकांना एक गोष्ट फार आवडते ती म्हणजे हिमकण. डिसेंबर-जानेवारीत थंडीची लाट आली की वेण्णा लेकची बोटीची जेटी, गाड्यांचे टप, गवत, सगळ्यावर पहाटे पांढरा थर दिसतो, साखर भुरभुरल्यासारखा. टीव्हीवाले येतात, मग पुण्या-मुंबईची माणसं रात्रीची गाडी काढून बघायला येतात. यावं, बघण्यासारखंच आहे ते. पण त्या रात्री आम्ही झोपलेलो नसतो. फुलावर हिमकण बसला की फुलाचा मधला भाग काळा पडतो आणि त्या फुलाचं फळ धरत नाही. बारक्या फळाला बसला तर ते वाकडं होतं नाहीतर सडतं. आज फूल गेलं की पुढं महिन्याभरानं तोड्याला माल कमी, असा हिशोब असतो.

मग काय करतो, आदल्या संध्याकाळी ठिबकनं पाणी सोडतो, ओली माती रात्री जरा ऊब धरते. ज्यांच्याकडं क्रॉप कव्हर आहे ते वाफे झाकतात. पहाटे ऊन यायच्या आत स्प्रिंकलरनं पानावरचं धुऊन काढायचं. ऊन थेट गोठलेल्या पानावर पडलं की नुकसान जास्त. आमची आई अजून पहाटे दारात येऊन पहिलं आभाळ बघते, चांदण्या लखलखीत दिसल्या आणि वारं पडलेलं असलं की म्हणते, आज पाणी सोडा.

तर सांगायचं एवढंच की हिमकणांचे फोटो काढायला जरूर या पण वाफ्यांमधे शिरू नका. मल्चिंगवर पाय पडला की कागद फाटतो, खाली ठिबकची नळी असते ती फुटते. बांधावरनं फोटो काढा, नाहीतर हाक मारा, आम्ही स्वतः आत नेऊन दाखवतो.

अनघा_पु

लाल_माती दादा, हे इतकं आतलं कधीच कळत नाही आम्हाला, मनापासून धन्यवाद. तुम्ही लिहीत राहा इथे. रोपं कधी लावता आणि पहिलं फळ कधी येतं तेही सांगा ना.

घाटमाथा

हिमकणांबद्दल थोडं. बातम्यांत "वेण्णा लेक परिसरात पारा शून्यावर" असं येतं आणि त्याच दिवशी हवामान खात्याचा महाबळेश्वरचा आकडा आठ-दहा असतो, मग लोक म्हणतात बातमी खोटी. तसं नाहीये. वेधशाळा वर गावात उंचावर आहे. वेण्णा लेक आणि लिंगमळा हा खोलगट भाग आहे. आभाळ निरभ्र आणि वारा शांत असला की जमिनीतली उष्णता रात्रभर वर निघून जाते, जमिनीलगतची हवा थंड होते, थंड हवा जड म्हणून उतारावरून घरंगळत त्या खोलगटात येऊन साठते. त्यामुळे गाव आणि लेक यात काही अंशांचा फरक रोजच असतो. त्यात वेधशाळेचा तापमापक जमिनीपासून चार फूट वर पेटीत असतो, आणि गवताचं पातं किंवा गाडीचा टप त्याहूनही गार होतो, म्हणून हवा तीन-चार अंशावर असली तरी पात्यावरचं दव गोठू शकतं. लाल_माती यांच्या आई चांदण्या आणि वारं बघतात ते अगदी याच कारणाने बरोबर आहे.

ज्यांना हिमकण बघायचेच आहेत त्यांनी उत्तरेत थंडीची लाट आल्याची बातमी बघायची, दोन-तीन दिवस आभाळ मोकळं आहे ना बघायचं, आणि सहा-साडेसहाला लेकवर पोचायचं. ऊन आलं की थोड्या वेळात सगळं विरघळतं. ढगाळ रात्र असेल तर झोपा खुशाल, काही मिळणार नाही.

जर्सीवाली

मी न्यू जर्सीहून २० डिसेंबरला येतेय, ६ जानेवारीला परत. मुलं दहा आणि सात वर्षांची. आईबाबा पुण्यात. मुलांनी बर्फ भरपूर बघितलाय त्यामुळे हिमकणांचं तेवढं नाही, पण मी लहानपणी बघितलेलं महाबळेश्वर त्यांना दाखवायचंय, घोडा, गरम चणे, वेण्णा लेकच्या कडेची लाल गाजरं, ते सगळं. कुठल्या तारखा घेऊ?

रानवाटा

जर्सीवाली, २४ डिसेंबर ते १ जानेवारी अजिबात नको!! वाईपासून पसरणी घाटात जी रांग लागते ती पाचगणीच्या पार पुढेपर्यंत, खोल्यांचे भाव वाटेल ते, आणि आईबाबा बरोबर असतील तर त्यांचे हाल. तुम्ही २ जानेवारीनंतर जा, वार सोमवार ते गुरुवार यातले बघा. गर्दी एकदम ओसरलेली असते आणि स्ट्रॉबेरीही तोवर भरात येते. नाहीतर आल्या आल्या २१-२२ ला जाऊन या, पण जेट लॅगमधे मुलांना घाटाचा त्रास होईल.

सखाराम_वाईकर

ताई, गर्दीतच यावं लागलं तर मुक्काम वाईत करा, हे आमचं गाव म्हणून सांगत नाही. सकाळी साडेसहाला घाट चढला की आठच्या आत वर फिरायला सुरुवात होते, आणि दुपारी गर्दी वर येते तेव्हा तुम्ही खाली येत असता. मग संध्याकाळ कृष्णेच्या घाटावर, ढोल्या गणपती, आणि मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आणि घाट, तिथली ती मोठी पोर्तुगीज घंटा मुलांना नक्की आवडेल, वसईच्या मोहिमेनंतर आणलेली आहे. हिवाळ्यात वाईच्या आसपास गुऱ्हाळं चालू असतात, गरम काकवी मिळते, आणि जानेवारी संपत आला की हळद काढायला सुरुवात होते, शेताशेतात काहिली म्हणजे मोठाल्या कढया लागतात, शिजलेल्या हळदीचा वास रस्त्यापर्यंत येतो. हिवाळा संपता संपता घाटाघाटावर कृष्णाबाईचा उत्सव असतो तोही बघण्यासारखा. लोक वाईतून नुसते पुढे निघून जातात याचं वाईट वाटतं.

मनीषा_ठाणे

वाचतेय सगळं आणि छानही वाटतंय पण थोडं वेगळं मत मांडते. ज्यांची मुलं शाळेत आहेत, नवरा-बायको दोघं नोकरीला, त्यांनी जानेवारीच्या मंगळवारी कसं जायचं? आम्हाला मे ची सुट्टी किंवा नाताळ एवढेच पर्याय. त्यामुळे मे मधे जाणाऱ्यांना काही कळत नाही असं कृपया समजू नका. मे मधे ठाण्यात अंग चिकचिकत असताना महाबळेश्वरला रात्री पंख्याशिवाय झोप लागते हे आमच्यासाठी खूप आहे. जांभळं, करवंदं, मलबेरी हे पण उन्हाळ्यातच. आणि पहिला वळीव पडला की तिथली लाल माती जी काय वास मारते!

रानवाटा

मनीषाताई, तुमचं म्हणणं रास्त आहे, आणि जांभळाच्या मधासाठी तर उन्हाळाच खरा, जंगलात जांभूळ फुलल्यावरचाच तो मध. शाळेचं जमवणं अवघड आहे हे मान्य. तरी एक सुचवते, संक्रांतीच्या आसपास शाळेची एखादी सुट्टी शनिवार-रविवारला जोडून येते का बघा, फक्त २६ जानेवारीला जोडून आलेला मोठा वीकएंड टाळा, तो नाताळासारखाच असतो. आणि रविवार-सोमवार करा, शनिवार-रविवार नको. रविवारी दुपारी सगळं पुणं खाली उतरत असतं तेव्हा तुम्ही वर जाता, रविवारची संध्याकाळ आणि सोमवारची सकाळ तुमची. एका सोमवारच्या रजेत होतं. मुलांना एकदा तरी शेतातली स्ट्रॉबेरी तोडू द्या हो, त्यासाठी शाळेचा एक दिवस बुडाला तरी चालेल असं माझं ठाम मत आहे.

पिंगळा

पक्षी बघणाऱ्यांसाठी: हिवाळी पाहुणे आलेले असतात, झाडीत सकाळी मजा येते. शेकरू बाराही महिने दिसतं, जुन्या महाबळेश्वरच्या रस्त्याला मान वर करून चाला. रात्री गाडी हळू चालवा, गवे रस्त्यावर येतात आणि अंधारात अगदी जवळ गेल्याशिवाय दिसत नाहीत.

घाटमाथा

तापोळ्याचा विषय रानवाटांनी ओझरता काढला, त्यात भर. पावसाळ्यानंतर शिवसागर जलाशय, म्हणजे कोयना धरणाचं पाणी, भरलेला असतो, हिवाळ्यात पाणी बरंच वरपर्यंत असतं. कोयना, सोळशी आणि कांदाटी यांचा संगम बोटीतून दाखवतात. डिसेंबर-जानेवारीत सकाळी पाण्यावर धुकं असतं, नऊच्या सुमारास ते उठायला लागलं की एकेक टेकडी मोकळी होत जाते. महाबळेश्वरहून रस्ता वळणावळणाचा आहे, तासभर धरा. वासोटा किल्ला करायचा असेल तर हेच दिवस, वनखात्याची परवानगी काढून बोटीने पलीकडे जायचं आणि दिवसाउजेडी परत यायचं. मे मधे वासोट्याचं जंगल चढणं म्हणजे शिक्षा आहे, पावसाळ्यात तो बंदच असतो.

भिलारलाही अर्धा दिवस द्या. २०१७ च्या मे मधे ते पुस्तकांचं गाव झालं, घराघरांत पुस्तकं ठेवलेली आहेत, कोणीही जाऊन वाचावं. हिवाळ्यात अंगणात उन्हाला बसून वाचायला मिळतं, पलीकडे स्ट्रॉबेरीचे वाफे, आणि घरातलं कोणीतरी येऊन चहा घेणार का विचारतं. माझे वडील तिथे दुपारभर एका खुर्चीतून उठले नव्हते.

नुसतीच_वाचक

वाचनखूण साठवली. सगळे प्रतिसाद माहितीपूर्ण!

लाल_माती

अनघाताईंनी विचारलं होतं म्हणून. मातृरोपं परदेशातनं येतात, त्यांची रोपं वाईकडं आणि इथं नर्सरीत पावसाळ्यात तयार होतात. पाऊस कमी झाला की सप्टेंबर-ऑक्टोबरात लावण. विंटर डॉन, स्वीट चार्ली, कॅमारोसा, नाभिला अशा जाती आहेत, विंटर डॉन लवकर येते. पहिला माल नोव्हेंबर संपता संपता, खरा भर जानेवारी-फेब्रुवारी, मार्चमधे ऊन वाढलं की फळ बारीक होत जातं. थंडीत फळ सावकाश पिकतं म्हणून गोडी भरते, तर ती थंडी आम्हाला हवीच असते, फक्त हिमकण नको. देशातली ऐंशी टक्क्यांच्या वर स्ट्रॉबेरी आपल्या महाबळेश्वर-पाचगणी भागातली, २०१० ला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन पण मिळालं. तोडा एक दिवसाआड असतो, बायका सकाळी थंडीतच सुरू करतात, बोटं बधिर होतात, मधेमधे शेकोटीवर हात शेकून परत वाफ्यात. पर्यटकांनी भाव करताना तेवढं लक्षात ठेवावं ही विनंती.

जर्सीवाली

दादा, ५ जानेवारीला खाली उतरताना पुण्याला बहिणीसाठी आणि शेजारच्यांसाठी न्यायची आहेत. टिकतील का? लहानपणी आम्ही नेलेल्या पेट्यांचा घरी पोचेपर्यंत रस गळायचा.

लाल_माती

ताई, सकाळी उतरताना घ्या, आदल्या दिवशी घेऊन गाडीत ठेवू नका. खायची असतील ती पूर्ण लाल घ्या आणि त्याच दिवशी संपवा. द्यायची असतील ती देठाशी किंचित पांढरट असलेली, घट्ट बघून घ्या. पेटी घेताना उलटून खालचा थर बघा, खाली डाग असला तर दुसरी मागा, शेतकरी देतो बदलून. डिकीत ठेवू नका, तिथं तापतं, पायाशी सावलीत ठेवा आणि पेटीवर पेटी चढवू नका. घरी गेल्यावर धुवायची नाहीत, देठही काढायचे नाहीत, ताटात एकेक थर पसरून फ्रिजमधे, आणि खाताना धुवायची. दोन दिवस आरामात जातात. ४ तारखेला वर असाल तर सकाळी आमच्याकडं या, त्या दिवशी तोडा आहे का ते मी इथंच कळवतो. पोरांना हातानं तोडू द्या, त्यांची टोपली वेगळी देतो.

जर्सीवाली

नक्की येतो दादा. ३ ला रात्री पोचतोय, आईबाबाही आहेत बरोबर. आईला विचारून ठेवलंय, ती म्हणाली लोकरीचा टोप आणि मोजे काढून ठेवते.